मावळतीचं ऊन, मुलं आणि ११० सेंटिमीटरचा फाइव्ह-इन-वन रिफ्लेक्टर

पाच बाजूंचा म्हणून विकला जाणारा हा गोल रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवून चेहऱ्यावर टाकायची चकती, मुळात दोनच वस्तूंचा असतो: स्टीलच्या लवचिक पट्टीवर ताणलेला पांढरा झिरझिरीत डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) आणि त्यावर चढवायचं उलटसुलट कव्हर. जाहिरातीत चकाकतात त्या कव्हरच्या चंदेरी आणि सोनेरी बाजू. मुलांच्या फोटोत कामाला येतात त्या पांढरी आणि काळी.

हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश व्यापते. सूर्य क्षितिजापासून तेवढाच वर आणि मुलाच्या पाठीमागे असला की केसांना सोनेरी झालर येते, पण चेहरा सावलीत जातो. कॅमेरा मागच्या उजेडाला भुलतो आणि चेहरा काळवंडतो. कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ ते +१.७ वर नेलं तर चेहरा सुधारतो, मात्र आकाश पांढरंफटक पडतं. चेहऱ्यावरचा उजेड स्टॉपभर, म्हणजे दुप्पट, जरी वाढला तरी ही ओढाताण बरीच कमी होते. रिफ्लेक्टर घ्यायचा तो एवढ्यासाठीच.

पांढरी बाजू मीटर-दीड मीटरच्या आत हवी. कापड उजेड चहूकडे उधळतं, त्यामुळे त्यापलीकडे ती नावापुरतीच. चंदेरी बाजू आरशासारखी उजेड लांब फेकते. मूल डोळे मिटून घेतं आणि नाकाचा शेंडा चमकतो. सोनेरीबद्दल काय बोलावं! मावळतीचं ऊन आधीच पिवळं, त्यात ही भर, की मूल कावीळ झाल्यासारखं दिसतं.

गुडघ्यावर आडवा धरून खालून उजेड टाकायची सवय अनेकांना असते. त्याने हनुवटीखालून टॉर्च मारल्यासारखा चेहरा येतो. रिफ्लेक्टर उभा, कॅमेऱ्याला लागून, मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर धरावा. म्हणजे धरणाऱ्याला उकिडवं बसावंच लागतं. रिफ्लेक्टर बरोबर जागी आला की मुलाच्या बुबुळात पांढरा ठिपका उमटतो. तो दिसेपर्यंत शटर दाबू नये. मूल हिरवळीवर बसलं असेल आणि गालाखाली हिरवट झाक येत असेल, तर पांढरी बाजू वर करून त्याच्यासमोर गवतावर अंथरावा. ऊन इतकं तिरपं असतं की तिथून टॉर्चसारखा झोत येत नाही, फक्त हिरवटपणा जातो.

काळ्या बाजूकडे कुणी बघतही नाही. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर असला तरी ऊन थेट लेन्सवर पडतं, फोटो धुरकट होतो, ऑटोफोकस चाचपडतो आणि हूड (लेन्सच्या तोंडावरची झापड) तोकडा पडतो. अशा वेळी काळी बाजू सूर्य आणि लेन्स यांच्यामध्ये धरावी. काचेवर पूर्ण सावली आली की रंग परततात. अर्थात एकच रिफ्लेक्टर एकाच वेळी दोन्ही कामं करणार नाही. चेहऱ्यासाठी तो गुंतला असेल, तर लेन्सवर टोपीची सावली धरावी. आणि त्याआधी लेन्सवर लावलेली यूव्ही फिल्टरची काच काढून लेन्सवरचे बोटांचे ठसे पुसावेत. निम्मा धुरकटपणा तिथलाच असतो.

व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) डेलाइटवर ठेवावा, ऑटो सोनेरीपणा धुऊन टाकतं. शटर १/५०० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/२.८. धावणाऱ्या मुलामागे रिफ्लेक्टर घेऊन पळण्यात अर्थ नाही. त्याला साबणाचे फुगे द्या: मूल एका जागी थांबतं आणि मागच्या उन्हात फुग्यांच्या कडा पेटतात.

दोष सांगायचे तर वाऱ्यात रिफ्लेक्टर शिडासारखा ओढतो, एका हाताने आवरत नाही. एकट्याने काम करणाऱ्याने मूठ असलेला तिकोनी प्रकार घ्यावा. ६० सेंटिमीटरचा एका चेहऱ्यापुरता ठीक, दोन भावंडांना अपुरा. कव्हरची चेन कच्ची असेल तर सगळ्यात आधी तीच जाते, म्हणून घेताना दोन-तीनदा पूर्ण फिरवून बघा. घडी घालताना कडा समोरासमोर धरून आठच्या आकड्यासारखा पीळ द्यायचा, की तीन वेढे आपोआप पडतात. उघडताना मात्र मुलांना चार पावलं लांब ठेवा. पट्टी झटक्यात सुटते आणि ती नेमकी त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर असते.