यामाहा पॅसिफिका ११२व्ही : एका विक्रेत्याचे मत

पॅसिफिका ११२व्ही घेणारे ग्राहक साधारणपणे दोन प्रकारचे असतात. एकाला पहिली इलेक्ट्रिक गिटार हवी असते, तर दुसऱ्याकडे चांगले वाद्य आधीच असते आणि त्याला निर्धास्तपणे उघडून, पिकअप (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारा, चुंबक आणि कॉइलचा भाग) बदलून, सोल्डरिंग करून पाहता येईल अशी एक जादा गिटार हवी असते. नव्या आणि वापरलेल्या गिटारींच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायामुळे हे वाद्य माझ्यापुढे कोरेही येते आणि लोकांच्या हातून फेरफार होऊन परतही येते. पहिल्या ग्राहकाला मी ते नि:शंकपणे सुचवतो. दुसऱ्याने मनात योजलेल्या बदलांपैकी बरेचसे मात्र, माझ्या मते, अनावश्यक असतात.

यामाहाने पॅसिफिका ही मालिका १९९० मध्ये आणली. तिचे संकल्पन कॅलिफोर्नियात झाले आणि १९५४ साली बाजारात आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचे ऋण तिच्या अंगावर उघड दिसते: दोन शिंगांची बॉडी, स्क्रूने जोडलेली मेपलची नेक (जिच्यावर बोटांनी तारा दाबतात ती लांब मान) आणि ६४८ मिलिमीटरचे स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी. ११२व्हीची बॉडी आल्डरची आहे, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बावीस आहेत, ब्रिजपाशी, म्हणजे बॉडीवर तारा जेथे टेकतात तेथे, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) आणि उरलेल्या दोन जागी सिंगल कॉइल (एका कॉइलचे) पिकअप आहेत. टोनचा नॉब वर ओढला की हंबकरची एक कॉइल बंद होते. एका हंबकरची ही मांडणी आज सर्वत्र दिसत असली, तरी तिच्या प्रसारामागे कारखान्यांपेक्षा फेरफार करणाऱ्या वादकांचा वाटा मोठा आहे. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी १९७० च्या दशकात सुट्या भागांतून जोडलेल्या, स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या गिटारमध्ये गिब्सनचा हंबकर बसवला आणि पुढे कंपन्यांनी तसल्याच गिटारी विकायला काढल्या. पिकअप निवडणाऱ्या पाच स्थानांच्या स्विचचेही तेच. वादक तीन स्थानांचा स्विच अधेमध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत असत, आणि फेंडरने स्ट्रॅटोकास्टरवर पाच स्थानांचा स्विच दिला तो १९७७ मध्ये. त्यामुळे गिटारमधील फेरफारांना माझा तात्त्विक विरोध असण्याचे कारण नाही.

दर्जाचा विचार करताना ग्राहक आधी लाकूड विचारतो, मग पिकअप. मी आधी नेक पाहतो. नेकला पीळ नसावा, ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारा आतला धातूचा दांडा) दोन्ही दिशांना प्रतिसाद देणारा असावा आणि फ्रेट एका पातळीत असावेत. या तीन गोष्टी जमल्या नसतील तर उत्तमोत्तम पिकअपही ते वाद्य वाचवू शकत नाहीत. ११२व्हीची खरी ताकद येथेच आहे. एका नगापासून दुसऱ्या नगापर्यंत नेकच्या कामात फारसा फरक आढळत नाही, आणि या वर्गातील गिटारींबाबत हे नेहमीच म्हणता येत नाही. फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या पृष्ठभागाच्या) गोलाईची त्रिज्या ३५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे पावणेचौदा इंच असल्याने तो बराच सपाट लागतो. जुन्या स्ट्रॅटोकास्टरच्या सव्वासात इंच त्रिज्येवर ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली ठेवून तार जोरात ओढली की वरच्या फ्रेटवर सूर गुदमरतो. येथे तो प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. उलट, पूर्ण बार कॉर्ड (एकाच बोटाने सर्व तारा दाबून वाजवायचा स्वरमेळ) धरताना काहींना गोलाकार फ्रेटबोर्डच अधिक सोयीचा वाटतो. फ्रेटची टोके मात्र हात फिरवून तपासावीत, कारण कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचे लाकूड आकसते आणि धातूची टोके बाहेर डोकावू लागतात. हा दोष कोणत्याही कंपनीच्या वाद्यात उद्भवू शकतो, आणि कानशीने तो लवकर दूर होतो.

कमकुवत बाजू नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) आणि ब्रिज यांची. नटच्या खाचा कारखान्यातून बहुधा गरजेपेक्षा उंच येतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहावी. ती केसाएवढी असावी, पण बऱ्याचदा तिच्यातून कागदाच्या दोन-तीन घड्या जातील एवढी असते. त्यामुळे पहिल्या तीन फ्रेटवरचे सूर किंचित चढे लागतात, नवशिक्याचे बोट दुखते आणि दोष त्याच्या हाताला दिला जातो. गिटार सुरात राहत नाही ही तक्रारही बहुतेक वेळा येथूनच येते. ट्रेमोलो (ब्रिज हलवून सूर वर-खाली करणारी दांडी) वापरल्यावर तार नटच्या खाचेत अडकते, पण ग्राहक खर्च करतो तो लॉकिंग ट्युनरवर, म्हणजे तार जागीच घट्ट पकडणाऱ्या खुंट्यांवर. लॉकिंग ट्युनरमुळे तारेचे वेढे कमी होतात आणि तार बदलणे झटपट होते हे खरे, मात्र अडकणारी खाच ते मोकळी करीत नाहीत. ११२व्हीमध्ये पहिला बदल करायचा असेल तर नीट कापलेला हाडाचा किंवा ग्रॅफाइटचा नट बसवावा, आणि त्यासोबत जाणकाराकडून पूर्ण सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक आणि सूर यांची जुळणी) करून घ्यावा.

पिकअपबद्दल माझे मत अनेकांना रुचत नाही. ११२व्हीचे ॲल्निको ५ चुंबकाचे सिंगल कॉइल पिकअप पुरेसे चांगले आहेत. नेक आणि मधला पिकअप एकत्र लावल्यावर मिळणारा स्वच्छ, काचेसारखा नाद मला अधिक महागड्या गिटारींतही नेहमी सापडलेला नाही. हंबकर थोडा बोथट आहे, आणि एक कॉइल बंद केल्यावर त्याचा आवाज एकट्याने वाजवताना बारीक होतो. मधल्या पिकअपसोबत मात्र तो उपयोगी पडतो. तरीही बदलण्याआधी पेचकस घेऊन पिकअपची उंची बदलून पाहावी. सिंगल कॉइलचे चुंबक जाड तारांच्या फार जवळ आले की तारेच्या कंपनात अडथळा येतो आणि सूर डळमळतो; थोडे खाली घेतल्यावर वाद्य मोकळे होते, तेही विनाखर्च. पिकअपच्या किलोओममधील (विद्युत रोधाच्या) आकड्यावरून त्याची ताकद ठरवण्याची सवयही सोडायला हवी, कारण तारेची जाडी बदलली की तोच रोध वेगळ्या आवाजाचा निघतो आणि चुंबकाचा त्या आकड्यात काहीच हिशेब नसतो.

कपॅसिटरविषयी, म्हणजे टोनच्या नॉबला जोडलेल्या आणि आवाजाची धार कमी करणाऱ्या विद्युत भागाविषयी, थोडक्यात सांगतो. मूल्य तेच असेल तर तेलात भिजवलेला जुन्या पद्धतीचा कपॅसिटर आणि साधा कपॅसिटर यांतील फरक टोनच्या नॉबवर ओळखता येईल असे मी मानत नाही. पॉटचे (नॉबखालच्या, रोध कमी-जास्त करणाऱ्या भागाचे) मूल्य मात्र ऐकू येते: सिंगल कॉइलला परंपरेने २५० किलोओमचे आणि हंबकरला ५०० किलोओमचे पॉट लावतात, आणि दोन्ही प्रकारचे पिकअप एकाच गिटारमध्ये असले की कोणाच्या तरी बाजूने तडजोड करावीच लागते. आवाज कमी केल्यावर धारही जात असेल, तर व्हॉल्यूम पॉटवर छोटा कपॅसिटर जोडण्याचा उपाय स्वस्त आणि गुणकारी आहे. बॉडीतील वायरिंगच्या पोकळीत तांब्याची पट्टी लावल्याने चरचर कमी होते. सिंगल कॉइलची मूळ घरघर मात्र त्याने जात नाही, कारण ती चुंबकीय क्षेत्रातून येते.

आता विक्रेत्याच्या दृष्टीने एक कटू भाग. ग्राहकाने बसवलेल्या भागांचे पैसे पुनर्विक्रीत जवळजवळ कधीच मिळत नाहीत. महागडे पिकअप बसवलेली पॅसिफिका मी मूळ अवस्थेतील पॅसिफिकाच्याच भावाने घेतो, आणि बॉडीत नवी पोकळी कोरलेली असेल किंवा हेडस्टॉकवर (नेकच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागावर) जुन्या ट्युनरची भोके उघडी असतील तर त्याहूनही कमी देतो. यात आकस नाही. पुढच्या ग्राहकाला तीच आवड असेल याची मला खात्री देता येत नाही. म्हणून मूळ पिकअप, नट आणि स्क्रू एका पिशवीत जपून ठेवावेत आणि ज्या बदलासाठी लाकूड कापावे लागते तो टाळावा. नेक स्क्रूने जोडलेली असल्याने ती काढून परत बसवता येते, हा या रचनेचा मोठा गुण आहे.

नट, ट्युनर, ब्रिज आणि तिन्ही पिकअप असे सगळेच बदलण्याचा बेत असेल, तर मी ११२व्ही विकत नाही. याच मालिकेतील ६१२ या मॉडेलवर सीमूर डंकनचे पिकअप, विल्किन्सनचा ब्रिज, ग्रोव्हरचे लॉकिंग ट्युनर आणि ग्राफ टेकचा नट कारखान्यातूनच बसवलेले येतात. तेच भाग सुटे विकत घेऊन ११२व्हीवर चढवण्याचा खर्च, मजुरी धरून, दोन मॉडेलांच्या किमतींतील फरकापेक्षा बहुधा जास्तच होतो, आणि वापरलेली ६१२ मिळाली तर तुलनाच संपते.