यूएसबी मायक्रोस्कोप: खोक्यावरचं १०००एक्स विसरा, अंडी मात्र छान दिसतात

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार स्टँडने खाल्ले.

मी डिचोलीत पडवीत टाक्या मांडून झेब्रा आणि गप्पी मासे वाढवते, दुकानांना देते. गेल्या जुलैत झेब्र्याची अंडी लागोपाठ वाया जायला लागली. पांढरी पडली असती तर बुरशी म्हणून मिथिलीन ब्लू टाकून मोकळी झाले असते. पण ही पारदर्शकच राहायची आणि फुटायची मात्र नाहीत. आत काय चाललंय ते बघायला १,८५० रुपयांना हा मायक्रोस्कोप ऑनलाइन मागवला.

तक्रारी आधी. खोक्यावर लिहिल्यासारखं १०००एक्स, म्हणजे हजारपट मोठं, वगैरे काही दिसत नाही. स्टँड इतका हलका की टेबलावर कप ठेवला तरी चित्र नाचतं. शेवटी खाली फरशीचा तुकडा चिकटवला. फोनसाठी ओटीजी पिन वेगळी घ्यावी लागते, आणि सोबतचं ॲप माझ्या फोनवर उघडलंच नाही. लॅपटॉपला जोडलं की साध्या कॅमेऱ्यासारखा चालतो. त्याचे दिवे पूर्ण लावले की पाणी चकाकतं, म्हणून मी ते मंद करून बाजूने टॉर्च धरते.

आता पैसे वसूल कुठे झाले ते. झेब्रा उजाडता उजाडता अंडी घालतात आणि स्वतःच खातात, म्हणून टाकीच्या तळाला गोट्या पसरते. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, कवच काचेसारखं. दुसऱ्या दिवशी लेन्सखाली धरलं तर हृदय चालू! सासूबाई म्हणाल्या, "आता माशांचीही सोनोग्राफी काढतेस का गं?" आणि मग त्याच खुर्ची सोडेनात.

दोन बशा केल्या, दोन्ही २८ अंशांवर. एकीत विहिरीचं पाणी, टाकीतल्या हीटरने गरम केलेलं. दुसरीत तेच पाणी, पण गीझरचं मिसळून. पावसात गारठा म्हणून जुलैभर मी तसंच करत होते. पहिल्या बशीतली जवळजवळ सगळी तिसऱ्या दिवशी बाहेर आली. दुसरीत डोळे काळे झालेले, शेपूट फटकारत होती, हृदय चालत होतं, आणि चौथ्या दिवशीही पिल्लं कवचातच. आमच्या जुन्या गीझरची टाकी तांब्याची. तांब्याच्या टेस्ट किटमध्ये गीझरच्या पाण्याने लगेच रंग धरला. तांब्याच्या कळशीतलं पाणी माणसाला चांगलं म्हणतात, पण तांबं माशाच्या पिल्लाला अंड्यातून निघू देत नाही, निघालेल्यांच्या अंगावरच्या, पाण्याची हालचाल टिपणाऱ्या पेशीही मारतं. त्यात विहिरीचं पाणी मऊ. कॅल्शियम कमी असलं की तांबं जास्तच बाधतं.

रसायनं तपासायला प्रयोगशाळाही झेब्र्याचीच अंडी वापरतात. ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या २०१३ सालच्या २३६ क्रमांकाच्या चाचणीत ९६ तास चार गोष्टी बघतात: अंडं साकळून पांढरं पडलं का, पाठीत स्नायूंचे खंड तयार झाले का, शेपूट बलकापासून सुटली का, हृदय चालतं का. या चारही गोष्टी या स्वस्तातल्या यंत्रात दिसतात. म्हणजे माझी दुसरी बशी या चारही कसोट्यांवर पास झाली असती, हेही लक्षात घ्या.

समुद्रात सांडलेल्या खनिज तेलाने पिल्लांना होणारी इजा वेगळी: हृदयाभोवती पाणी साचून छाती फुगते. १९८९ साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडल्यानंतर हेरिंग माशाच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात हे दिसलं. मे महिन्यात कोलव्याच्या किनाऱ्यावर चपलेला चिकटणारे, अशाच तेलाचे डांबराचे गोळे बघून पूर्वी मला फक्त चपलेची काळजी वाटायची.

अंडी, डासांच्या अळ्या, शेवाळ बघायला घ्या. शाळेच्या प्रयोगवहीसाठी जिवाणू बघायचे असतील तर घेऊ नका. आणि धातूच्या स्टँडचा मिळाला तर तोच घ्या. मी मागवला तेव्हा तो संपला होता.