खाडीकाठी पॉप-अप लपण: विकत घ्यावं की घरी बांधावं?

पक्ष्यांचे फोटो काढताना लपून बसायला ऑनलाइन मिळणारा हा पॉप-अप तंबू मुळात परदेशी शिकाऱ्यांसाठी बेतलेला. आपल्याकडे शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी, तेव्हा नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या पाणथळीवर त्याचा उपयोग फक्त कॅमेऱ्यापुरता. दोन मिनिटांत उभा राहतो. आत एक माणूस, स्टूल आणि ट्रायपॉड मावतो. आतलं काळं अस्तर ही त्याची खरी जमेची बाजू. ते नसेल तर पाठीमागून उजेड आला की आतल्या माणसाची सावली समोरच्या जाळीवर हलते, आणि लांब पायांच्या शेकाट्या पक्ष्यांना उडून जायला तेवढं पुरतं.

बाकी गोष्टी इथल्या चिखलाला धरून नाहीत. सोबतच्या बारीक लोखंडी खुंट्या ओल्या मातीत धरतच नाहीत. दोन फुटी बांबूचे खुंट तिरपे ठोकावे लागतात. दुपारी खाडीवरचा वारा सुटला की कापड फडफडतं. पॉलिस्टर चमकतं. छापलेली हिरवी पानं करड्या चिखलावर लांबूनच उठून दिसतात. धातूची झिप खाऱ्या हवेत अडकते, तिला मेणबत्ती घासत राहा.

घरी बांधायचं तर एक इंची पीव्हीसीचे दहा फुटी सहा पाइप घ्या. चारांचे चार फुटी आठ तुकडे, उरलेल्या दोनांचे साडेचार फुटी चार. कोपऱ्यांना तीन तोंडांचे आठ एल्बो. चिकटवायचं सोल्युशन लावू नका, नुसते दाबून बसवा, म्हणजे सुटं करून लोकलनं नेता येतं. भिंतींना गोणपाट: पाच फूट उंच, अठरा फूट लांब. खालचं अर्धा फूट बाहेर वळवून त्यावर चिखल थापला की फडफड थांबते. मागच्या भिंतीला आणि छताला आतून काळं कापड हवंच. नुसती शेडनेट लावणारे इथेच फसतात. लेन्सच्या खिडकीला जुन्या पँटचा पाय शिवा, नळकांड्यासारखा. आडोशाला खारफुटीची फांदी तोडू नका, तो गुन्हा आहे.

भरतीत खाडीतला चिखल बुडाला की रोहित (फ्लेमिंगो) पाणथळीत सरकतात. म्हणून चिखल बुडायच्या आधीच आत जाऊन बसा. पक्षी उतरल्यावर शिरलात तर लपण असून नसल्यासारखं.

तयार तंबू रोज जागा बदलणाऱ्यानं घ्यावा, बाकीच्यांनी गोणपाटच. आणि टिटवीची अंडी दिसली तर त्या बांधावर दोन्हीपैकी काहीच लावू नका.