क्रेनिओसॅक्रल थेरपीचा मध्यम टप्पा : गंगापूर रोडवरील चार दिवसांचा वर्ग

गेली १२ वर्षे मी इंदिरानगरमध्ये फिजिओथेरपीचा व्यवसाय करते. डोके व पाठीच्या कण्यावर अगदी हलक्या स्पर्शाने केल्या जाणाऱ्या क्रेनिओसॅक्रल थेरपीचा प्राथमिक टप्पा मी पुण्यात पूर्ण केला होता. त्यापुढील टप्पा नाशिकमध्येच शिकवला जाणार असल्याचे समजताच मी नाव नोंदवले, कारण एरवी अशा शिक्षणासाठी दवाखाना आठवडाभर बंद ठेवावा लागतो.

अमेरिकन ऑस्टिओपॅथ (हाडे-स्नायूंवर हातांनी उपचार करणारे वैद्यक) जॉन अपलेजर यांनी घडवलेला दहा पायऱ्यांचा क्रम प्राथमिक टप्प्यात शिकवतात. मध्यम टप्प्याचा भर कवटीच्या तळाशी असलेल्या स्फीनॉइड अस्थीवर आणि तोंडाच्या आतील कामावर असतो. पहिला दिवस केवळ स्पर्शासाठी राखून ठेवला होता, हे मला फार आवडले. या पद्धतीत दाब सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे दोन रुपयांच्या नाण्याच्या वजनाएवढाच ठेवायचा असतो. प्रशिक्षकांनी प्रत्येकाच्या तळहातावर नाणे ठेवून डोळे मिटायला लावले आणि नंतर तेवढ्याच भाराने जोडीदाराच्या कानशिलांवर अंगठे व डोक्यामागे बोटे टेकवायला सांगितली. रोज सांधे दाबणाऱ्या, स्नायू ताणणाऱ्या माझ्या हातांना ही माघार जमेपर्यंत संध्याकाळ झाली.

तिसऱ्या दिवशी हातमोजे घालून वरचा जबडा, टाळूची हाडे आणि नाकाच्या पडद्यातील व्होमर यांवरील तंत्रे घेतली. टाळूमागचे हाड अत्यंत पातळ असल्याने तेथे बोट कसे टेकवायचे, हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे दाखवले गेले. तोंडात बोट असताना झोपलेल्या माणसाला बोलता येत नाही. म्हणून त्याने हात उचलताच थांबायचे, हा नियम आधीच ठरवून दिला होता. मला उमासा आला तेव्हा माझ्या जोडीदारीण बाईंनी क्षणात बोट बाहेर काढले.

उणिवाही स्पष्टपणे नोंदवायला हव्यात. १६ विद्यार्थ्यांमागे दोनच प्रशिक्षक असल्याने स्फीनॉइडच्या पीळ, बाजूला झुकणे, सरकणे अशा प्रकारांच्या सरावात अनेकांचे हात कोणी तपासलेच नाहीत. त्याहून मोठी उणीव सिद्धान्ताच्या तासांत जाणवली. स्फीनॉइड आणि ऑक्सिपिट (डोक्यामागचे हाड) यांच्यातील सांधा तारुण्यात पदार्पण करेपर्यंत हाडाने जुळून जातो, मग प्रौढांत तो हलतो कसा, हा प्रश्न उरतो. एकाच व्यक्तीची क्रेनिओसॅक्रल लय (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची हातांना जाणवते असे मानली जाणारी संथ हालचाल) दोन परीक्षकांनी मोजली तर त्यांचे आकडे बहुधा जुळत नाहीत. आणि या उपचाराच्या परिणामांविषयी भक्कम पुरावा अद्याप उपलब्ध नाही. एका दंतवैद्य सहाध्यायीने हे मुद्दे मांडले, तेव्हा ‘अनुभव घ्या, समजेल’ एवढेच उत्तर मिळाले. वेदनेने त्रासलेला माणूस पैसे मोजून आपल्यापुढे डोके टेकवतो, त्याला याहून प्रामाणिक उत्तर मिळण्याचा हक्क आहे, असे मला मनापासून वाटते.

मेंदूतील रक्तस्राव, धमनीचा फुगा, कवटीचे ताजे फ्रॅक्चर किंवा कवटीच्या आतला दाब वाढलेला असताना ही तंत्रे वापरू नयेत, ही सूचना चौथ्या दिवशी दुपारी दिली गेली. ती पहिल्या सकाळी द्यायला हवी होती.

प्राथमिक टप्पा झालेल्या फिजिओथेरपिस्टनी स्पर्श सुधारण्यासाठी हा वर्ग जरूर करावा. नवख्यांनी मात्र करू नये. मी तोंडातील तंत्रे सध्या फक्त जबडा आखडलेल्या रुग्णांसाठी, दंतवैद्यांची तपासणी झाल्यावर आणि पुराव्याची स्थिती आधी सांगून वापरते. एका आजींनी ते ऐकून नकार दिला, तेव्हा त्यांना जबड्याचे नेहमीचे व्यायाम शिकवले.