दिवाळीची भेट: खाऊ, रोप, तांबं, बांबू की गोधडी?

गेल्या दिवाळीनंतर माळा आवरला तेव्हा मागच्या काही वर्षांच्या भेटी खाली उतरवल्या. तीन पाण्याच्या बाटल्या, प्लॅस्टिकच्या दोन फोटोफ्रेम, सुगंधी मेणबत्त्यांचा न उघडलेला संच आणि सात कापडी पिशव्या. बहुतेकांवर पर्यावरणपूरक म्हणून हिरवं पान छापलेलं होतं. तेव्हापासून भेट निवडताना मी एकच प्रश्न विचारते: पुढच्या दिवाळीला ही वस्तू त्या घरात कुठे असेल? वापरात असेल किंवा संपून गेली असेल, तर ती घ्यावी. खालची तुलना याच प्रश्नावर बेतलेली आहे.

सुकामेवा की आपल्याकडचा खाऊ

शेजारी, ऑफिसातले सहकारी, फारशी ओळख नसलेले नातेवाईक यांच्यासाठी संपणारी भेट सगळ्यात सुरक्षित. पण सुकामेव्याच्या सजवलेल्या खोक्यात मेवा थोडा आणि साटीन, थर्माकोल, प्लॅस्टिकचे कप्पेच जास्त असतात. बाजारातले बदाम तर बहुतेक कॅलिफोर्नियाहून येतात. त्यापेक्षा सांगलीचे बेदाणे, कोल्हापूरचा गूळ, वायगावची हळद निवडावी. तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि सणाच्या गोडाधोडात हळद तर कोणालाच नकोशी होत नाही. काजू वेंगुर्ल्याचे म्हणून घेत असाल तर एकदा विचारून घ्या. आपल्याकडचे पुष्कळसे काजू आफ्रिकेतून आलेल्या कच्च्या बियांचे असतात.

बचत गटाचा फराळ घेतलात तर तो स्टीलच्या डब्यात भरून द्या. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. तो काहीतरी घेऊन घरी येतो, आणि पुढच्या वर्षी तोच डबा पुन्हा निघतो. वेष्टनाचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

परदेशातल्या भावंडांना विमानाने चार किलो चिवडा-चकल्या पाठवण्याऐवजी तिथेच फराळ करून विकणारं कोणी मराठी घर शोधावं. मोठ्या शहरांत सहसा सापडतं.

रोप

रोप दिलं की पर्यावरणाचं काम झालं, असं वाटतं. पण कोणाकडे किती ऊन येतं हे माहीत नसेल तर रोप देऊ नये. तुळशीला रोजचं काही तासांचं थेट ऊन हवं. उत्तरेकडच्या बाल्कनीत ती महिन्या-दोन महिन्यांत वाळते आणि घरातल्या माणसाला उगाच अपराधी वाटत राहतं. तिथे मनी प्लांट किंवा स्नेक प्लांट तग धरतो. दुकानातल्या चकचकीत कुंडीतल्या रोपापेक्षा आपल्याच कढीपत्त्याच्या मुळाशी फुटलेलं पिल्लू किंवा गवती चहाचा ठोंब मातीच्या कुंडीत लावून द्यावा. पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि ज्याला बागेची आवड आहे त्याला त्याचं मोल कळतं. ज्याला आवड नाही, त्याला खाऊच द्या.

तांब्याचं भांडं की स्टीलची बाटली

स्टीलची बाटली चांगलीच, पण ती घराघरात आधीच दोन-चार असते. चौथी बाटली कितीही टिकाऊ असली तरी माळ्यावरच जाते. तांबं खाणीतून काढायला आणि वितळवायला खूप ऊर्जा लागते, हे खरं. पण ते कितीही वेळा वितळवलं तरी गुण सोडत नाही, आणि जुन्या भांड्याला मोड म्हणून चांगला भाव येतो, त्यामुळे ते कचऱ्यात कधीच जात नाही. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हाताने ठोकलेली भांडी अजून मिळतात. ज्यांच्याकडे देणार ते चिंच-मीठ लावून घासणारे आहेत का, एवढं मात्र पाहा. आतून कल्हई नसेल तर त्यात ताक किंवा लिंबूपाणी ठेवू नये, हेही देतानाच सांगा.

कापडी पिशवी आणि बांबू

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११च्या अभ्यासानुसार, एकदाच वापरून टाकलेल्या साध्या प्लॅस्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी व्हायला सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते. पहिली पिशवी तेवढी वापरली जाते. आठवी नाही. म्हणून नवी पिशवी भेट देणं मी बंद केलं.

बांबूत फरक करावा लागतो. मेळघाटातल्या किंवा कुडाळच्या कारागिरांनी केलेला कंदील, टोपली, ट्रे म्हणजे खरा बांबू. पण 'बांबूचं कापड' बहुतेकदा रसायनांत विरघळवून काढलेलं व्हिस्कोस असतं, 'बांबू फायबर'च्या मगात मेलामाइन हे प्लॅस्टिक असू शकतं आणि बांबूच्या टूथब्रशचे केस सहसा नायलॉनचे असतात. विणलेला बांबू दिसत असेल तर घ्या.

सोलापुरी चादर की गोधडी

जवळच्या माणसांसाठी माझ्या मते खरी निवड या दोघींतच आहे. सोलापुरी चादर सुती, धुवायला सोपी, वर्षानुवर्षं टिकणारी आणि दुकानात गेलं की लगेच मिळणारी. घरात जुन्या साड्या नसतील, किंवा घेणाऱ्याला दुसऱ्याच्या वापरलेल्या कापडाचा संकोच असेल, तर चादरच घ्यावी. त्यात काही कमी नाही.

गोधडीला मात्र नवं कापड लागतच नाही. एका सुती शर्टाच्या कापसाला सुमारे २,७०० लीटर पाणी लागतं असा अंदाज आहे. गोधडीतल्या साड्यांचं पाणी कधीच खर्चून झालेलं असतं. आपण दिलेले पैसे जवळजवळ सगळे शिवणाऱ्या बाईच्या मजुरीत जातात. सुती साड्याच द्याव्यात. नायलॉन आणि जॉर्जेट घसरतात, धावदोरा बसत नाही, उबही येत नाही. गोधडी फाटली तर वर आणखी एक थर घालून पुन्हा शिवता येते.

माझ्या भाचीसाठी आईच्या दोन लुगड्यांची आणि माझ्या तीन साड्यांची गोधडी शिवून घेतली. ती पुण्याहून बंगळुरूला शिकायला जाताना बाकी अर्धी बॅग रिकामी करून तिने ती आत घातली. कडेला लुगड्याचा हिरवा काठ मुद्दाम वर ठेवायला सांगितला होता, तो तिला लगेच ओळखू आला.

वेष्टनासाठी चकचकीत कागद नको. चुरगळल्यावर तो पुन्हा उलगडला तर त्यात प्लॅस्टिकचा थर आहे आणि रद्दीवाला तो घेणार नाही. ओटीत मिळालेले ब्लाऊजपीस कपाटात पडून असतात, त्यातला एक बांधा.

गोधडी घाईत होत नाही. शिवणाऱ्या बायकांकडे नवरात्रातच कामं साठतात. भाऊबीजेला हातात हवी असेल तर साड्या धुऊन, फॉल काढून, घटस्थापनेच्या आधी त्यांच्याकडे पोचवा.