मुलांना घेऊन दोन दिवस : राणीबाग-बोरीबंदर की कात्रज-शनिवारवाडा?

शनिवार-रविवार जोडून मुलांना प्राणी दाखवायचे आणि जमलं तर थोडा इतिहासही दाखवायचा, असा बेत निघाला की आमच्या घरात दोनच नावं पुढे येतात, मुंबई आणि पुणे. दोन्हीकडे आम्ही जाऊन आलो आहोत. मुलगी कडेवरून उतरायला तयार नसायची तेव्हाही गेलो आणि मुलगा स्वतः पाट्या वाचायला लागला त्यानंतरही. त्यामुळे कुणी विचारलं की उत्तर तयार असतं, फक्त ते एका वाक्यात देता येत नाही.

बहुतेकांची चर्चा ‘प्राणिसंग्रहालय कुठलं चांगलं’ इथेच अडकते. प्रश्न तेवढाच असेल तर पुण्याचं कात्रज, यात मला फारशी शंका नाही. राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा परिसर १३० एकरांचा आहे. मध्ये तलाव, भोवती झाडी, आणि बऱ्याच प्राण्यांना खंदकापलीकडे हिंडायला मोकळी जागा. गवा सावलीत रवंथ करत बसलेला असतो आणि आपण त्याच्याकडे बघत कितीही वेळ उभे राहू शकतो. सर्पोद्यान हा तिथला वेगळाच ठेवा. आमचा मुलगा तिथून हलायला तयार नसतो. विषारी साप कोणते आणि बिनविषारी कोणते, हे तो तिथेच शिकला आणि घरी आल्यावर आजीला शिकवत बसला. पुण्यातल्या आधीच्या प्राणिसंग्रहालयाचे, म्हणजे पेशवे उद्यानातले पिंजरे ज्यांना आठवतात, त्यांना कात्रजचं मोल वेगळं सांगायला नको.

मुंबईची राणीबाग त्या मानाने लहान. भायखळ्याच्या भर वस्तीत, चारी बाजूंनी इमारती. १८६२ची ही बाग आहे आणि मुळात ती झाडांची बाग आहे, हे प्राण्यांच्या नादात आपण विसरतो. मला स्वतःला तिथल्या झाडांसाठीच जावंसं वाटतं. गोरखचिंचेचं ते अवाढव्य खोड बघितलं की मुलंही क्षणभर गप्प होतात. बाकी २०१७ पासून पेंग्विन आहेत, आत शिरून चालता येतं असं पक्ष्यांचं मोठं दालन आहे, काचेपलीकडे वाघ आहे. रविवारी दुपारी गर्दी फार असते. पेंग्विनच्या काचेसमोर मनासारखं थांबता येत नाही, मागून रेटा येतोच. शनिवारी सकाळी बाग उघडल्या उघडल्या गेलात तर बरंच निवांत मिळतं.

इतिहासाचं म्हणाल तर पुण्याचं पारडं जड आहे, निदान मराठी घरातल्या मुलांसाठी. लाल महाल म्हटलं की शायिस्तेखानाची बोटं आणि १६६३ साल आपोआप येतं. आज दिसतो तो लाल महाल अलीकडे बांधलेला आहे, पण जागेचं महत्त्व आहेच. समोर शनिवारवाडा. दिल्ली दरवाजावरचे ते टोकदार खिळे हत्तीच्या धडकेपासून बचावासाठी होते, हे सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात. नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी १९४२ ते १९४४ स्थानबद्ध होते. कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच वारले, दोघांच्या समाध्या मागे बागेत आहेत. तिथली शांतता मुलांनाही कळते. आणि राजा केळकर संग्रहालयाला तर तोड नाही. अडकित्ते, दिवे, कोरीव दरवाजे, मस्तानी महाल. दिनकर केळकरांनी हे सगळं आयुष्यभर गोळा केलं आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ठेवलं. हे सांगताना माझा आवाज दरवेळी जरा बदलतो.

मग एवढं सगळं पुण्याच्या बाजूने असताना मी मुंबईकडे का झुकतो? कारण अगदी साधं आहे आणि बेत आखताना ते कुणाच्या लक्षात येत नाही. प्राणी आणि इतिहास यांच्या मधला वेळ.

कात्रज पुण्याच्या दक्षिण टोकाला, शनिवारवाडा जुन्या पेठांत. मधे सातारा रस्ता, स्वारगेट आणि शनिवार-रविवारची वाहतूक. कात्रज नीट बघायचं तर अर्धा दिवस जातोच. चालणंही बरंच होतं. बाहेर पडता तेव्हा दुपार असते, पोटं भरलेली असतात, पाय दुखत असतात. रिक्षा बालाजीनगरपर्यंत येते न येते तोच मुलगी मांडीवर झोपलेली असते. गाढ, तोंड उघडं टाकून. तिला उठवावं तर रडारड, न उठवावं तर वाड्यात कडेवर घेऊन फिरायचं. आणि शनिवारवाड्यात दुपारी सावली कुठे आहे? वाडा १८२८च्या आगीत गेला. उरली ती तटबंदी, दरवाजे, जोती आणि हिरवळ. मोठ्या माणसाला त्या जोत्यांवर सात मजले उभे करता येतात. अर्धवट झोपेतून उठलेल्या पाच वर्षांच्या मुलीला तिथे ऊन आणि गवत दिसतं. मुलगा तेवढा तटावर चढून येतो, बाकी आम्ही दरवाजाच्या सावलीत बसून त्याची वाट बघत असतो.

उलट क्रमही करून बघितला, म्हणजे सकाळी वाडा आणि दुपारी कात्रज. पण दुपारी प्राणीही आडवे झालेले असतात, आणि एवढ्या मोठ्या बागेत बंद व्हायच्या वेळेकडे डोळा ठेवून पळत फिरण्यात मजा नाही.

खरं तर या दोन ठिकाणांचं नातं फार जुनं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शहरात आणलं. तेच पाणी शनिवारवाड्यात खेळायचं आणि पेठांतल्या हौदांत यायचं. म्हणजे आपण ज्या दिशेने रिक्षात घाम गाळत जातो, त्याच दिशेने अठराव्या शतकात पाणी उताराने निवांत जात होतं. हे मुलांना सांगायला मला फार आवडतं. पण सांगणार तेव्हा ना, जेव्हा ती जागी असतील.

मुंबईत हा मधला वेळ जवळजवळ उरतच नाही. राणीबागेच्या दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये सुरू झालेलं. तिकीट वेगळं, पण वाहन शोधायला नको. आत रंगवलेले लोखंडी खांब, सोनेरी नक्षी आणि काचेच्या कपाटांत कारागिरांच्या, निरनिराळ्या समाजांच्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती. लहान मुलांच्या डोळ्यांच्या मापाच्याच जणू. थंडावा असतो, बसता येतं.

आणि बाहेर तो दगडी हत्ती. घारापुरीच्या बेटाला पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव दिलं, तो हाच. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना तो फुटला, मग तुकडे मुंबईतच राहिले आणि पुढे ते जोडून त्याला इथे उभं केलं. जवळ गेलात तर जोडलेले सांधे दिसतात. आमच्या मुलीने त्याच्या पायावरच्या एका भेगेवर बोट फिरवून विचारलं होतं, ‘याला लागलंय का?’ प्राणी बघून आलेल्या मुलाच्या डोक्यात तेव्हा प्राणीच असतात, आणि इतिहास जर हत्तीच्या रूपात समोर आला तर तो वेगळा शिकवावा लागत नाही.

पुढचा टप्पाही तसाच. बागेपासून भायखळा स्टेशनला चालत जायचं आणि लोकलने सँडहर्स्ट रोड, मशीद, की आलं सीएसएमटी, म्हणजे जुनं बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती याच मार्गाने. म्हणजे जो प्रवास पुण्यात वाया जातो, तोच इथे बघण्याचा भाग होतो. शिवाय भायखळ्याच्या जुन्या स्टेशनाची हल्ली फार सुरेख डागडुजी झाली आहे, २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. गाडीची वाट बघतानाही मान वर करून बघण्यासारखं काहीतरी असतं.

सीएसएमटीसमोर पोचलात की मुलांना एकच काम द्या, दगडातले प्राणी शोधायचं. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ, एक इंग्लंडचा आणि एक हिंदुस्थानचा. मग भिंतींवर, कमानींवर, पन्हाळींवर नजर फिरवायची. १८८८ मध्ये पुरी झालेली ही इमारत वास्तुरचनाकार फ्रेडरिक स्टीव्हन्सची, पण कोरीवकामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. मोठ्यांनी तोवर समोरच्या फुटपाथवरून महापालिकेची इमारत बघून घ्यावी, तीही स्टीव्हन्सचीच. आमची दोघं तिथे किती वेळ रमली, हे बघूनच माझं मत पक्कं झालं.

मुंबईच्या अडचणी मी लपवत नाही. राहणं महाग पडतं. शनिवारी लोकलला गर्दी असते, रविवारी मेगाब्लॉक असू शकतो. आदल्या दिवशी वेळापत्रक बघून ठेवा, आणि गाड्यांचा भरवसा नसेल तर सरळ टॅक्सी करा, अंतर थोडंच आहे. पावसाळ्यात घारापुरी धरू नका, समुद्र खवळला की लाँच बंद असतात. एरवी रविवार त्यासाठीच ठेवावा. राणीबागेत फुटका हत्ती बघितलेल्या मुलांना त्याचं मूळ घर बघायची ओढ लागलेली असते, आणि सोमवारी लेणी बंद असतात.

मुलं दहा-बाराच्या पुढची असतील, दुपारी झोपत नसतील, इतिहासाची पुस्तकं वाचत असतील, तर माझा सगळा युक्तिवाद बराच ढिला पडतो. त्यांच्यासाठी पुणे कदाचित अधिक भरघोस ठरेल. तसंच सातारा-कोल्हापूरकडून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना कात्रज वाटेवरच लागतं, त्यांचा अर्धा त्रास तिथेच वाचतो. भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत आली आहे आणि कसबा पेठ स्थानकातून शनिवारवाडा जवळ आहे. स्वारगेट ते कात्रज हा टप्पा मंजूर आहे. तो धावायला लागला की मलाही नव्याने विचार करावा लागेल.

तोपर्यंत पुण्याला जायचंच ठरलं, तर कात्रज आणि पेठा एका दिवसात बसवू नका. शनिवार पूर्ण कात्रजला द्या, संध्याकाळी मुलांना लवकर झोपवा. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत शनिवारवाडा आणि लाल महाल, आणि उन्हाची वेळ केळकर संग्रहालयात काढा. आगाखान पॅलेस दुसऱ्या टोकाला आहे, तो पुढच्या खेपेला.