फार्मसीसाठी अकरावीचे विषय : जळगावातील एका मार्गदर्शन केंद्राविषयी

बी.फार्म. ही औषधनिर्माणशास्त्राची पदवी करू इच्छिणाऱ्या मुलांनी अकरावीत कोणते विषय घ्यावेत, याचे सशुल्क मार्गदर्शन देणाऱ्या जळगावातील एका केंद्रात मी पुतणीला घेऊन गेलो होतो. बैठकीचा मोठा भाग मोलाचा होता, शेवटचा भाग मात्र खटकला.

मार्गदर्शक मॅडमनी गुणपत्रिका आधी मागितलीच नाही. दहावीचे विज्ञानाचे पुस्तक उघडून त्यांनी पुतणीला एक रासायनिक समीकरण संतुलित करायला सांगितले, आणि तिने ते केल्यावर, रेणूच्या आधीचा अंक बदलता येतो पण सूत्रातला का बदलता येत नाही, असे विचारले. तिने जरा विचार करून बरोबर उत्तर दिले, तेव्हा कुठे पुढचे बोलणे सुरू झाले. चार वर्षांच्या या पदवीत असेंद्रिय, सेंद्रिय, औषधी रसायन, विश्लेषण आणि जीवरसायन अशा अनेक रूपांनी रसायनशास्त्र समोर येत राहते. त्यामुळे ज्या मुलाला त्याची गोडी नाही, त्याला केवळ मेडिकल स्टोअर काढायचे म्हणून या वाटेला लावू नये, हे त्यांनी पालकांच्या तोंडावर सांगितले. हा स्पष्टपणा मला फार आवडला.

प्रवेशासाठी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक असले तरी चालते. जीवशास्त्र न घेतलेल्यांना पहिल्या सत्रात ती उणीव भरून काढण्यासाठी रेमेडियल बायोलॉजी आणि गणित न घेतलेल्यांना रेमेडियल मॅथेमॅटिक्स शिकवले जाते. तरीही शक्य असेल तर चारही विषय ठेवा, असा त्यांचा आग्रह होता आणि तो मला पटला. मानवी शरीररचना पहिल्याच सत्रात असते, तर औषध शरीरातून किती वेगाने बाहेर पडते, हे पुढे शिकताना लॉगॅरिदमशिवाय पान हलत नाही. म्हणजे एका विषयाची उणीव लगेच जाणवते आणि दुसऱ्याची थोड्या उशिराने. शिवाय एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा गणिताच्या आणि जीवशास्त्राच्या अशा दोन्ही गटांतून देता येते.

सर्वांत उपयोगी माहिती बायफोकलविषयी, म्हणजे अकरावीत घेता येणाऱ्या २०० गुणांच्या व्यावसायिक विषयांविषयी मिळाली. २०० गुणांचे कॉम्प्युटर सायन्स घेतले की द्वितीय भाषेबरोबर आणखी एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो, आणि आपल्याकडे तो बहुधा जीवशास्त्रच असतो. १०० गुणांचा आयटी हा विषय मात्र फक्त भाषेच्या जागी येतो. हा फरक अर्ज भरताना खानदेशातील किती पालकांना कोणी समजावून सांगते?

साक्रीकडून आलेल्या एका पालकांशी त्या सरळ अहिराणीत बोलल्या. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजीला केवळ पास होण्याचा विषय मानू नये, कारण पुढची सारी पुस्तके इंग्रजीत असतात, हे त्या काकांना त्यामुळे नीट उमगले.

खटकलेली बाब अशी की, हेच केंद्र इंटिग्रेटेड क्लासही चालवते. बैठक संपत आली तशी कॉलेजला नावापुरता प्रवेश घेऊन दिवसभर क्लासमध्ये बसण्याची योजना पुढे आली. बारावीच्या रसायनशास्त्रात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, पण प्रश्न गुणांचा नाही. ब्युरेट या मापनळीतून एकेक थेंब सोडत, रंग नेमका कधी पालटतो हे पाहणारा हात अकरावी-बारावीतच तयार व्हायला हवा, कारण फार्मसीच्या पहिल्या सत्रात हेच काम, म्हणजे टायट्रेशन, करावेच लागते. फार्मसीसाठी मुले घडवू म्हणणाऱ्यांनीच प्रयोगशाळेकडे पाठ फिरवायला सांगावे, हे मला मुळीच मान्य नाही.

विषयनिवडीपुरते हे मार्गदर्शन अवश्य घ्यावे, क्लासचा अर्ज मात्र तेथे बसून भरू नये. शिरपूर, चोपडा किंवा फैजपूर यांपैकी जे फार्मसी कॉलेज जवळ असेल, तेथील पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशीही मुलांना बोलू द्यावे. दहावीच्या निकालानंतर केंद्रात फार गर्दी होते आणि मॅडमना प्रत्येकाला पुरेसा वेळ देता येत नाही. त्यामुळे परीक्षा संपताच जाणे सोयीचे पडते.